मॅडम, त्या दिवशी बोलायचं राहून गेलं

मॅडम, नमस्कार.

31 मे ला तुमच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात माझं नाव पुकारलं, मी माईकपाशी आले आणि आवाजच फुटेना. कशीबशी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, तुम्ही जाताना माझा हात धरून "अगं रडतेस काय" म्हणालात आणि गाडीत बसलात. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की जे बोलायचं होतं ते राहिलंच. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते कुठल्याही ऑफिसात करता येण्यासारखं आहे, त्याला ना मोठं बजेट लागलं ना वरून आदेश.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मला दिसत नाही, जन्मापासूनच. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी 4 टक्के जागा असतात, त्यातला 1 टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांचा, त्यातून परीक्षा देऊन मी लिपिक-टंकलेखक म्हणून लागले. मराठी टायपिंगची परीक्षा पास, कॉम्प्युटर येतो, घरी पेढे वाटले, आजी तर गल्लीभर सांगत फिरली. आणि ऑफिसात पहिले अकरा महिने मला काहीच काम दिलं नाही. एक कागदसुद्धा नाही.

कोणी वाईट वागलं असं नाही हां, उलट सगळे गोडच बोलायचे. "तुम्ही बसा निवांत, कशाला त्रास घेता, पगार तर मिळतोच ना." दाराच्या मागे एक खुर्ची, समोर रिकामं टेबल. पावणेदहाला यायचं, थंब करायचा, सव्वासहापर्यंत बसायचं. आजूबाजूला स्टेपलरचे आवाज, शिक्के मारल्याचे आवाज, "अहो ती फाईल कुठंय" असं सगळं चालू, आणि मी बसलेली. संध्याकाळी आई विचारायची आज काय काम केलंस ग, मी काहीतरी रचून सांगायचे. आज इतकी पत्रं टाईप केली, साहेब खूश होते वगैरे. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही मॅडम, तुम्हालाही नाही.

मग तुमची बदली होऊन तुम्ही आमच्या शाखेत आलात. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन विचारलंत, "तुमच्याकडे कुठला विषय आहे?" विषय म्हणजे ऑफिसात ज्याच्या-त्याच्याकडे नेमून दिलेलं काम. मी म्हटलं कुठलाच नाही. तुम्ही अरेरे वगैरे काही म्हणाला नाहीत, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बसलात आणि म्हणालात, "बरं, काम करायला काय काय लागेल ते सांगा, मी लिहून घेते." नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. सगळे मला काय जमणार नाही ते मलाच सांगायचे, काय लागेल ते कोणी विचारलं नव्हतं.

यादी छोटीच होती. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. एक हेडफोन. जायचा-यायचा रस्ता मोकळा. आणि पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच वाचता येतील अशी.

एनव्हीडीए टाकायला कॉम्प्युटरवाले तयार नव्हते, व्हायरस येईल म्हणे. तुम्ही टिपणी लिहिलीत, त्यात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 घातलंत, की सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला आवश्यक त्या सोयी दिल्या पाहिजेत, देऊ शकतात असं नाही, दिल्याच पाहिजेत. ती टिपणी तुम्ही मला मोठ्यांदा वाचून दाखवलीत आणि विचारलंत काही राहिलंय का. तो कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, माझ्या मोबाईलमध्ये कधीपासून पडलेला होता, पण मी नवीन, मी कोणाकडे जाऊन कलम दाखवणार? तुमच्या सहीने ते कलम फाईलवर आलं आणि चार दिवसांत कॉम्प्युटर बोलायला लागला.

खरा घोळ फॉन्टचा होता. आपल्याकडे कोणाची पत्रं श्रीलिपीत, कोणाची डीव्हीबी-टीटी योगेशमध्ये, प्रत्येकाच्या पेनड्राईव्हमध्ये वर्षानुवर्षांचे नमुने. त्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, त्यामुळे माझ्या कानात नुसता गोंगाट येतो, एक शब्द कळत नाही. तुम्ही सांगितलंत की आपल्या शाखेत नवीन पत्र युनिकोडमध्येच निघेल. केवढी कुरकुर झाली! एकीसाठी सगळ्यांनी का बदलायचं, इतकी वर्षं बोटांना सवय झालीय, सगळ्यांना नियम सारखा पाहिजे. तुम्ही भांडला नाहीत. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास एकेकाच्या शेजारी बसून कीबोर्ड शिकवलात, स्वतःचे जुने नमुने आधी बदललेत. आणि दोन महिन्यांनी विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळी आमदारांच्या तारांकित प्रश्नाची माहिती तासाभरात द्यायची वेळ आली तेव्हा युनिकोडमधलं जे होतं ते सर्चमध्ये नाव टाकल्याबरोबर सापडलं, बाकीचं पेनड्राईव्ह उघडून उघडून शोधावं लागलं. त्यानंतर कुरकुर बंद. माझ्यासाठी केलेल्या गोष्टीचा उपयोग त्यांनाही झाला आणि मग मी त्यांना भार वाटेनाशी झाले, हा फरक मला रोजच्या बोलण्यातून जाणवायचा.

रस्त्याचंही तसंच. पॅसेजमध्ये फायलींचे गठ्ठे रचलेले असायचे, आज इथे तर उद्या तिथे, मी दोनदा अडखळून पडलेय. तुम्ही ते सगळे रेकॉर्ड रूमला हलवलेत. आणि त्याच झपाट्यात हिरकणी कक्षातली मोडकी कपाटंही बाहेर काढलीत, दारावर पाटी होती पण आत गोडाऊन झालं होतं आणि बाळंतपणाची रजा संपवून आलेली आमची एक सहकारी बाळाला कुठे घेऊन बसायची ते मी ऐकलंय, स्टोअरच्या कोपऱ्यात. याचं श्रेय तुम्हाला कोणी दिलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतेय.

पण सगळ्यात जास्त आभार मला कशाचे मानायचेत सांगू? माझं पहिलं पत्र तुम्ही तीनदा परत पाठवलंत. "ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, परत कर." कानाने वाचताना ऱ्हस्व-दीर्घ पटकन कळत नाही, एकेक अक्षर बाणाच्या बटणाने ऐकावं लागतं, वेळ लागतो. मी ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग वेळ घे, पण पत्र बरोबर पाहिजे." अहो-जाहो जाऊन अगं-तूगं तेव्हा सुरू झालं बहुतेक. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं की आज मला मॅडम ओरडल्या, आणि आईला कळेना की ही एवढी खूश का आहे.

हळूहळू आवक-जावक दिलंत, मग रजेची प्रकरणं, मग आस्थापनेचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक कामाचा, अख्खा विषय. मीटिंगमध्ये बोलण्याआधी प्रत्येकाने नाव सांगायचं ही सवय तुम्ही लावलीत, नाहीतर मला कोण बोलतंय ते ओळखण्यात अर्धी मीटिंग जायची. सुप्रीम कोर्टाने 3 मार्च 2025 ला निकाल दिला, की दिसत नाही एवढ्या कारणावरून कोणाला न्यायाधीशाच्या नोकरीपासून दूर ठेवता येणार नाही, तेव्हा रात्री साडेदहाला तुमचा मेसेज, "हे वाच, आणि खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भर." भरलाय मॅडम. अभ्यास चालू आहे.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. स्कॅन केलेले शासन निर्णय अजून येतात, ते नुसते फोटो असतात, त्यात मला कोरं पान ऐकू येतं. सेवापुस्तकं हाताने लिहिलेली, ती कोणीतरी वाचून दाखवावीच लागतात. पण आता "जरा वाचता का" म्हटलं की शेजारचे भाऊसाहेब खुर्ची सरकवून येतात, आणि बदल्यात त्यांची पत्रं मी टाईप करून देते, माझा स्पीड त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

तुमचं सेवापुस्तकही असंच वाचून घेतलं होतं. पहिल्या नेमणुकीपासून प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक बदली, भाऊसाहेब वाचत होते आणि मी टाईप करत होते. तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुमचं पेन्शनचं प्रकरण मी केलंय, ऱ्हस्व-दीर्घ एकेक अक्षर ऐकून तपासलंय. मुंबईला महालेखापालांकडे गेलं आणि एकही त्रुटी न निघता मंजूर होऊन आलं. तुमची प्रत मी कोणाच्या हाती पाठवत नाहीये. रविवारी आईला घेऊन घरी येते, तेव्हा देते.

तुमची,
आस्थापना शाखेतली