रॅडफर्डच्या काकांना, त्या पाच आकड्यांसाठी

काका, सप्रेम नमस्कार,

हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं, तुमचं घर माझ्यापासून बसने वीस मिनिटांवर, पण आभार म्हटलं की तुम्ही विषय बदलता, काकू चहा टाकतात आणि ते राहूनच जातं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार घेतल्यापासून आपल्या पुण्याकडची कितीतरी पोरं इकडे कामाला येतात, मीही त्यातलाच एक, त्यांनाही कळू दे की किर्लोस्करवाडीत लेथवर शिकलेला आणि पुढे कॉव्हेंट्रीत रॅडफर्डला जॅग्वारच्या इंजिनांवर काम केलेला एक माणूस अजून इथे आहे आणि विचारलं तर भरभरून सांगतो.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं मागचं. मला वेड आहे ते जॅग्वारच्या ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स गाडीचं, तिच्या शेवटच्या पन्नास गाड्या शोधून वहीत नोंदवायचं. ई-टाइप पहिल्यांदा लोकांनी बघितली १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला, तेव्हा लोकांना चक्कर मारायला गाड्या कमी पडायला लागल्या म्हणून टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्युइस एक गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत घेऊन गेला, तिचा नंबर ७७ आरडब्ल्यू. ती सुरुवात सगळ्यांना माहीत असते. शेवट कोणी विचारत नाही. शेवट असा की १९७३ चं तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, बारा सिलिंडरची, ५३४३ सीसीची गाडी कोण घेणार, त्यात अमेरिकेचे धुराचे आणि बंपरचे नियम दरवर्षी कडक होत होते, आणि १९७४ मध्ये ब्राउन्स लेनला, जॅग्वारच्या कॉव्हेंट्रीतल्या कारखान्यात, ई-टाइप बनणं थांबलं. कंपनीने ते लोकांना सांगितलं १९७५ च्या सुरुवातीला, म्हणजे गाडी गेल्याचं लोकांना मागाहून कळलं. त्या शेवटच्या पन्नास गाड्या सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, उघड्या टपाच्या, एक सोडून सगळ्या काळ्या, आणि प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या सहीची छोटी पट्टी. काळी नसलेली एकच, शेवटून दुसरी, ती एका संग्राहकासाठी ब्रिटिश रेसिंग ग्रीन रंगात केली. आणि अगदी शेवटची, एचडीयू ५५५ एन, कंपनीने स्वतःकडेच ठेवली. तुम्हीच मला दाखवलंत की ७७ आरडब्ल्यू मधला आरडब्ल्यू आणि एचडीयू मधला डीयू ही दोन्ही अक्षरं कॉव्हेंट्रीच्या पासिंगची. इतकी वर्षं मी हे नंबर पाठ म्हणत होतो आणि त्यात गावाचं नाव आहे हे मला दिसलंच नव्हतं.

तर ती काळी गाडी. वॉरिकशरमधल्या एका खेड्यात एका गृहस्थांकडे होती, त्यांनी ती काही वर्षांपूर्वी शेवटच्या पन्नासातली म्हणूनच घेतली होती आणि त्यांनी मला फोटो पाठवले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. काळा रंग आरशासारखा, पट्टी जागेवर, सही जागेवर, आणि चासी नंबरच्या, म्हणजे फॅक्टरीत सांगाड्यावर मारलेल्या नंबरच्या, फोटोत वन एस ही सुरुवातीची खूण आणि पुढे दोनाचा आकडा स्पष्ट, त्यापुढचं ग्रीस आणि जाड रंगाखाली. शेवटच्या पन्नासांचे नंबर २८२३ ते २८७२, म्हणजे दोनाने सुरू होणारच, मी तर वहीत नोंद करूनही टाकली होती. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "नोंद पेन्सिलने केलीस ना? रविवारी जाऊ, जुनं धोतराचं फडकं आणि थोडं रॉकेल मी घेतो."

तो रविवार मी विसरणार नाही. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात, बाहेर चार डिग्री, आणि तुम्ही गॅरेजमध्ये शिरल्यावर ना रंगाकडे बघितलं ना पट्टीकडे, सरळ त्या गृहस्थांची परवानगी घेतली आणि बॉनेट उघडायला लावलं. ई-टाइपचं बॉनेट म्हणजे गाडीचा पुढचा सगळा भागच पुढे कलतो, आणि आत इंजिनाभोवती ती नळ्यांची फ्रेम, मधल्या बॉडीला बोल्टने जोडलेली. तुम्ही मला तिथेच शिकवायला सुरुवात केलीत. नंबर पंच केलेला असतो तो या पुढच्या फ्रेमवर, उजव्या बाजूला, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वर. आणि ही फ्रेम बोल्टवर आहे, म्हणजे समोरून ठोकर बसली की बदलता येते, मग नवीन फ्रेमवर जुना नंबर परत मारतात, कधी प्रामाणिकपणे, कधी नाही, म्हणून एका नंबरवर जायचं नाही, चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे चारही नंबर बघायचे आणि जॅग्वारच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या हेरिटेज ट्रस्टच्या सर्टिफिकेटशी जुळवायचे, कारण ते फॅक्टरीच्या मूळ रजिस्टरवरून देतात, त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला आणि पहिल्यांदा कुठल्या डीलरकडे गेली हे सगळं असतं. पाटी म्हणजे पासिंगचा नंबर तर इथे एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो, तिच्यावर भरवसा नाहीच.

मग तुम्ही फडकं रॉकेलमध्ये बुडवून हळूहळू पुसायला लागलात. घासलं नाहीत. पुसलंत, थांबलात, परत पुसलंत. आणि मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणालात, "मोज."

मी मोजले. पाच आकडे.

मला लगेच कळलं नाही, दोन तर आहे ना पहिला, असं मी म्हणतोय, आणि तुम्ही शांतपणे सांगताय की उजव्या स्टिअरिंगच्या व्ही-१२ रोडस्टरचे, म्हणजे बारा सिलिंडरच्या उघड्या टपाच्या गाड्यांचे, नंबर १००१ पासून २८७२ पर्यंत, चार आकडी, आणि डाव्या स्टिअरिंगच्यांचे २०००१ पासून पुढे, पाच आकडी. दोनाने सुरू दोन्ही होऊ शकतात. ही गाडी डाव्या स्टिअरिंगची बनली होती, बहुतेक अमेरिकेला गेली, कारण या सिरीजच्या जास्तीत जास्त गाड्या तिकडेच गेल्या, मग पुढे कधीतरी परत आणून स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, काळी केली, पट्टी लावली. डॅशबोर्डखालचा गालिचा उचलून तुम्ही मला कोपऱ्यातला मूळ रंग दाखवलात, पांढरट पिवळा, प्रिमरोज.

आणि यापुढचं तुम्ही जे केलंत त्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहितोय. ते गृहस्थ खाली बसले होते, स्टुलावर, त्यांचा चेहरा बघवत नव्हता, त्यांना कोणीतरी फसवलं होतं आणि त्यांना ते आत्ता, दोन परक्या माणसांसमोर कळत होतं. माझ्या मनात तर त्या क्षणी ती गाडी संपलीच होती, यादीतून खोडायची आणि निघायचं. तुम्ही निघाला नाहीत. तुम्ही परत बॉनेटपाशी गेलात, दोन हेडच्या मधल्या खाचेत टॉर्च मारून ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचलात, सेव्हन एस ने सुरू होणारा, आणि त्यांना बोलावून म्हणालात की हे आमच्या रॅडफर्डचं इंजिन आहे, तुमच्या जुन्या कागदांवर हाच नंबर आहे, म्हणजे गाडीबरोबर जन्मापासून आहे. मग अर्धा तास तुम्ही त्यांना तो ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा का, चार कार्ब्युरेटर एकसारखे लावायला कान कसा लागतो, थंडीत सकाळच्या पाळीला हात कसे बधीर व्हायचे, सगळं सांगत बसलात. तो माणूस उठला, त्याने गाडी चालू केली. बाराही सिलिंडर. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, आणि नंतर एवढंच म्हणालात की मागची डावीकडची एक थोडी आळशी आहे, प्लग बघा.

पुढे त्यांनी सर्टिफिकेट मागवलं, ते मालकालाच मागवता येतं, त्यात प्रिमरोजच आलं. त्यांनी पट्टी काढून टाकली आणि गाडी परत त्याच रंगात करायला दिलीय. हे त्यांनी तुम्हाला सांगायला मला मुद्दाम फोन केला होता. त्यांच्या आवाजात मला राग नव्हता जाणवत, घाई जाणवत होती, गाडी रंगून यायची.

काका, तुम्ही नसतात तर माझ्या वहीत एक खोटी गाडी खरी म्हणून बसली असती आणि कोणीतरी ती वाचून तिच्यावर विश्वास ठेवला असता. पण त्याहून जास्त, मी शेवटच्या पन्नासांच्या नादात बाकीच्या बहात्तर हजारांना विसरत चाललो होतो. त्यातल्याही प्रत्येकीवर कोणाच्या तरी पाळीचे तास गेलेत, तुमचेही, हे मला त्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा नीट समजलं.

आणि मेमधली ती दुसरी गाडी. तिच्या मालकीणबाईंनी पट्टी दाखवायला दार उघडलं आणि तुम्ही आधी फडकंच काढलंत. या वेळी मोजायला तुम्ही मला सांगितलं नाहीत, स्वतःच मोजलेत, बोटाने, एकेक आकड्यावर थांबत. चार. अठ्ठावीसशे आणि वर काही, पूर्ण इथे लिहीत नाही, त्या बाईंना नको आहे. तुम्ही फडकं घडी करून खिशात ठेवलंत आणि ब्राउन्स लेन पाडली तेव्हा तुम्ही बघायला गेला नव्हतात असं मला परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच सांगितलंत, २००५ मध्ये तिथल्या गाड्या बंद झाल्या तेव्हाच पुरे झालं होतं म्हणालात, आणि पुढे घर येईपर्यंत आपण दोघंही काही बोललो नाही.

वहीतली ती नोंद आता शाईने केली आहे. शेजारच्या कॉलमात "कोणी तपासली" असं लिहिलंय, तिथे तुमचं नाव आहे, तुम्ही नको म्हणालात तरी ठेवलंय.

पुढच्या रविवारी एक फोन आलाय, नॉर्थम्प्टनच्या बाजूचा, काळीच आहे म्हणे. काकूंना सांगा डबा मी आणतो, थालीपीठ आणि लोणी. रॉकेल संपलंय असं तुम्ही म्हणाला होतात, तेही घेतलंय.

तुमचा,
चिंचवडचा