भाऊसाहेब, ते चित्र सापडलं!

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आपलं हरवलेलं ग्रीक चित्र सापडलं, आणि ते केवळ तुमच्यामुळे. फोनवर आभार मानून माझं समाधान होईना, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

एक्झेकियास या ग्रीक कुंभाराने इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमारास घडवून रंगवलेला मूळ कुंभ व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे होती ती त्यावरच्या चित्राची मोठी छापील प्रत. ट्रॉयच्या युद्धातले अकिलीस आणि अजॅक्स भाले खांद्याला टेकवून पट खेळताहेत. एकाच्या तोंडापाशी त्याचं दान ‘चार’ लिहिलंय, दुसऱ्याच्या ‘तीन’. तिरके भाले आपली नजर थेट पटावर नेतात. अंगरख्यांवरची नक्षी काळ्या थरात टोकदार हत्याराने कोरलेली आहे. मोबाइलवर हे दिसतं, पण अख्खा वर्ग एका चित्रासमोर उभा राहून बोलू लागतो, ते मोबाइलवर होत नाही.

शिवाय मी ते पिंगुळीच्या चित्रकथीशेजारी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या आपल्याकडच्या चित्रांशेजारी लावते. चेहरा बाजूने आणि डोळा समोरून, हे दोन्हीकडे बघितल्यावर आपल्या कुडाळची मुलं ग्रीसला बिचकत नाहीत.

आम्ही ‘ग्रीक’, ‘कुंभ’ असं शोधत कपाटं उपसत होतो. तुम्ही निवृत्त झालेले, तरी वेंगुर्ल्याहून एसटीने आलात आणि कपाटाकडे न बघता डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, मागितलंत. त्यात तुमच्याच अक्षरात होतं: ‘चित्र, दोन सैनिक पट खेळताना, कापडी पाठ, १ नग’. मग जावक वही. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या शिबिरासाठी नकाशांबरोबर एका हायस्कूलला दिल्याची नोंद होती, परतीची सही नव्हती. मी तिकडे निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, “नकाशे नुसते मोजू नकात, उलगडून बघा.” महाराष्ट्राच्या प्राकृतिक नकाशाच्या गुंडाळीत आतल्या बाजूला ते होतं.

खालची कड कसरीने खाल्ली आहे, दमटपणाचे पिवळे डाग आहेत. पण दोघांचे चेहरे, बोटं आणि पट शाबूत. सध्या टिपकागदात दाबून ठेवलंय.

याला कोणी नुसतं कारकुनी काम म्हटलं तर मला ते पटणार नाही. चित्र कोणाचं, कुठलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ‘चित्र, १ नग’ लिहूनही भागलं असतं. तुम्ही मात्र थांबून बघितलंत आणि दिसलं ते लिहिलंत. मुलांना पहिल्या दिवसापासून मी हेच करायला सांगते.

नव्या नोंदीत चित्रकाराचं नाव घातलंय, तुमचे शब्द तसेच ठेवलेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला चित्र वर्गात लावणार आहे. काकूंना घेऊन या. रजिस्टरमधली ती ओळ मुलांना तुम्हीच दाखवावी, एवढी विनंती.

आपली,
कलाइतिहासाची शिक्षिका, कुडाळ