यकृतातल्या गाठीची अवस्था रिपोर्टात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत यकृताच्या आजारांवर लेख आला, पण जंतांमुळे होणारी हायडॅटिडची गाठ त्यात ओझरतीच आली. माझी उमेदीची वर्षं सोनोग्राफी करण्यात गेली, म्हणून हे पत्र.

ही गाठ होते कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक पट्टकृमीच्या अंड्यांमुळे, आणि बहुतेक वेळा ती यकृतातच धरते. वर्षानुवर्षं काही त्रास न देता वाढते. ट्युनिशियाचे डॉ. हसन घरबी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीतल्या रूपावरून तिचे प्रकार पाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने पुढे सीई-१ ते सीई-५ अशा अवस्था ठरवल्या (सीई म्हणजे सिस्टिक एकिनोकॉकोसिस, याच आजाराचं वैद्यकीय नाव). आज उपचार ठरतो तो मुख्यतः या अवस्थेवरून.

पहिल्या अवस्थेत आत नुसतं पाणी दिसतं आणि भिंतीला दुहेरी रेघ. अशा वेळी मी रुग्णाला कूस बदलायला सांगते. तळाशी बसलेले बारीक कण उसळतात आणि सावकाश पुन्हा खाली बसतात. साध्या पाण्याच्या गाठीत (सिस्ट) हे होत नाही. छापलेल्या फिल्मवर ते कळतही नाही, प्रोब हातात धरणाऱ्यालाच दिसतं. पाच सेंटिमीटरच्या आतली अशी गाठ पुष्कळदा अल्बेंडाझोलच्या गोळ्यांनी आटोक्यात येते. आत लहान लहान गाठी भरल्या असतील तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. भिंतीवर कॅल्शियमचा जाड थर चढलेली पाचव्या अवस्थेतली गाठ बहुधा मेलेली असते. तिचा त्रास नसेल तर अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवलं की झालं.

असं असताना माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रिपोर्टांवर फक्त 'लिव्हर सिस्ट' एवढंच असतं. एक बाई तर ऑपरेशनची तारीख घेऊन आल्या होत्या, आणि गाठ पाहिली तर पूर्ण कॅल्शियम धरलेली! उलट बाजूचा धोका याहून मोठा. हायडॅटिडची शंकाच न घेता कुणी गाठीत सुई घातली आणि पाणी पोटात सांडलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, नव्या गाठीही रुजू शकतात. सुईने उपचार होतात, पण पूर्वतयारीनिशी आणि योग्य अवस्थेतच.

सीटी महाग म्हणून जास्त खरा, हा समजही सोडायला हवा. कॅल्शियम सीटीत उत्तम दिसतं, पण गाठीच्या आतलं सुटलेलं आवरण आणि तिच्या पोटातल्या लहान गाठी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही, असंही म्हणता येत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की रिपोर्टात गाठीची अवस्था, माप आणि पित्तनलिकेपासूनचं अंतर लिहाच. रुग्णांनीही जुने रिपोर्ट टाकून देऊ नयेत. गाठ वाढतेय की विरतेय, हे आधीच्या मापाशी ताडल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट