आमच्या धंद्यात नमुना म्हणजेच सगळं पोतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या बोधचिन्ह स्पर्धेचं निवेदन आलं होतं. विजेत्याला प्रमाणपत्र आणि स्मृतिचिन्ह. खाली बारीक अक्षरात, ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांवर संस्थेचा हक्क राहील.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय.

मी लातूरला १९ वर्षं डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, क्लासेसच्या जाहिराती, दुकानांचे लोगो. नवं गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘दोन-तीन सॅम्पल टाका व्हाट्सॲपवर, आवडलं तर बघू.’ त्याच दिवशी ते आणखी चौघांनाही तेच सांगून आलेलं असतं. पाच जण रात्री जागवतात, काम एकाला मिळतं. कधी कधी एकालाही नाही.

लोकांना यात गैर वाटत नाही, कारण नमुना बघून माल घ्यायची आपली रीतच आहे. आडतीवरही पोत्यातलं ओंजळभर सोयाबीन हातावर घेऊन, दाणा बघून भाव बोलतात. पण सौदा फिसकटला तर पोतं शेतकऱ्याचंच राहतं. लोगोत खरी मेहनत कल्पना सुचण्यात आणि ती रेषेत बसवण्यात असते. ती दाखवली की आमच्याकडे विकायला मागे काही उरत नाही. फुकट सॅम्पल मागणारा आमच्याकडे ओंजळ मागत नाही, सगळं पोतंच मागतो.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेसाठी मी ज्वारीच्या कणसाचं बोधचिन्ह केलं होतं. आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं, मग संगणकावर कोरलमध्ये. खाली टपोरे, वर निमुळते होत गेलेले दाणे एकेक करून बसवले. डावीकडची एका दाण्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवली, पाखरानं टिपल्यासारखी. पाखरांनी न शिवलेलं कणीस आमच्या शेतात मी कधी पाहिलंच नव्हतं. दहा दिवस गेले त्यात. ‘संचालक मंडळाला पसंत पडलं नाही,’ असा निरोप आला, तोही मी मान्य केला. चार महिन्यांनी त्यांच्या नव्या शाखेच्या पाटीवर कणीस दिसलं. हिरव्याचं केशरी झालं होतं, देठ थोडा जाड केला होता, पण डावीकडची ती जागा तिथंही रिकामीच होती. गाडी कडेला लावून मी बराच वेळ त्या पाटीकडे बघत उभा होतो.

कायदा माझ्या बाजूनं होता. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, लेखी आणि सही करून दिल्याशिवाय कलाकृतीवरचा हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही, आणि मी तर एक रुपयाही घेतला नव्हता, कशावर सहीही केली नव्हती. पण वकिलाची फी लोगोच्या किमतीपेक्षा जास्त, आणि धंदा त्याच गावात करायचा. गप्प बसलो. स्पर्धावाले मात्र अर्जावर आधीच सही घेतात. म्हणजे हरलेल्याचंही काम, सहीनिशी, फुकटात.

याचा फटका सगळ्यात जास्त नव्या मुलांना बसतो. वर्ष-सहा महिने फुकट नमुने करत बसणं ज्याच्या घरात दुसरी कमाई आहे त्यालाच परवडतं. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात उपयोजित कला शिकून आलेली एक मुलगी माझ्याकडे काम करायची. देवनागरी अक्षरावर असा हात मी फार थोड्यांचा पाहिलाय. संध्याकाळी ती स्वतःची कामं शोधायची, आणि वर्षभरात तिच्या पदरात सॅम्पलच पडली. आता ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते.

गिऱ्हाइकाची भीती मला कळते. पैसे दिले आणि काम आवडलंच नाही तर? त्यासाठी आमची आधीची कामं बघा, ज्यांची केली त्यांना विचारा, आणि एकाला निवडून इसार द्या. जमिनीच्या व्यवहारात इसार देताना आपण मागेपुढे बघत नाही. पहिल्या दोन नमुन्यांची रक्कम आधीच ठरवा. पसंत पडलं नाही तर तेवढी देऊन मोकळे व्हा, नमुने आमच्याकडे राहू द्या.

स्पर्धाच घ्यायची असेल तरी धडधडीत उदाहरण आहे. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारनं स्पर्धा घेतली तेव्हा अंतिम फेरीतल्या पाचही जणांना २५ हजार रुपये होते, आणि २०१० मध्ये निवड झालेल्या डी. उदय कुमार यांना अडीच लाख. हजारोंना तिथंही काही मिळालं नाही, म्हणून मला ती रीतही पूर्ण पटत नाही. पण निदान शेवटपर्यंत पोचून हरलेल्या बाकीच्या चौघांच्या कामाची किंमत झाली.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी निवेदनं छापताना बक्षिसाची रक्कम आणि हक्काची अट ठळक छापावी. आणि त्या संस्थेनं न निवडलेल्या प्रवेशिकांवरचा हक्क सोडत असल्याचं जाहीर करावं. प्रवेशिका पाठवायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, तेवढ्यात एक ओळ बदलणं सहज जमेल.

आपला,
एक डिझायनर, लातूर