कवड्याला मण्यार म्हणून मारू नका, मण्यारीला कवड्या म्हणून धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला, बिळांत पाणी शिरले, की साप बाहेर पडतात आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर मेलेल्या सापांचे फोटो फिरू लागतात. काठीवर लोंबणारा साप आणि खाली ओळ : ‘घरात मण्यार निघाली, मारली.’ यातल्या बऱ्याच ‘मण्यारी’ कवड्या असतात; मण्यार अतिशय विषारी, कवड्या बिनविषारी. अलीकडे एका दैनिकातही अशी बातमी फोटोसकट आली. फोटोतल्या सापाचे पट्टे थेट मानेपासून सुरू होत होते, म्हणजे तो बहुधा कवड्याच. व्हॉट्सॲपचे सोडा, पण छापून आलेले लोक खरे मानतात, म्हणून हे पत्र.

कवड्या घरात येतो तो पालींसाठी. भिंतीवर सहज चढतो, न्हाणीघरात, दाराच्या चौकटीमागे सापडतो. लांबी साधारण दीड-दोन फूट, रंग तपकिरी. त्याचे पांढरट-पिवळसर पट्टे मानेशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे नेमके उलटे. अंग निळसर काळे, चकचकीत, त्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीने; डोक्यामागचा काही भाग कोरा आणि शेपटीकडे पट्टे अधिक स्पष्ट. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक मोठी षटकोनी रांग असते, पण ती जवळून घेतलेल्या फोटोतच दिसणार. पट्टे कुठे ठळक आहेत, एवढे पाहिले तरी बरेच कळते. बरेच म्हणतो, सगळे नाही. मण्यारीच्या पिलांत पट्टे पुढेही दिसतात आणि काही कवड्यांच्या अंगावर पट्टे नसतातच. त्यामुळे ही ओळख चार हातांवरूनच करायची.

‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक नियम. नाग आणि मण्यार विषारी असून त्यांचे डोके त्रिकोणी नसते, बिनविषारी अजगराचे मात्र तसे दिसते. ‘डोळ्याची बाहुली उभी म्हणजे विषारी’ याचेही तेच : बिनविषारी मांडुळाच्या डोळ्यात ती उभी, नागाच्या डोळ्यात गोल. ‘दोन दातांच्या खुणा दिसल्या तरच विषारी’ हा तर जीव घेणारा समज, कारण मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा सापडतच नाही.

विषारी घोणस समजून बिनविषारी डुरक्या घोणस आणि अजगराची पिले मारली जातात. घोणशीच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या जातात आणि मान डोक्यापासून वेगळी कळते. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, अंग जाडजूड, शेपटी आखूड. कोकणात विषारी फुरशाच्या नावाखाली मांजऱ्या साप मरतो. तो लांब, सडपातळ, झाडाझुडपांत वावरणारा. निमविषारी असला तरी त्याने माणसाच्या जिवाला धोका नाही. फुरसे वीतभर-हातभर, खरबरीत, वेटोळे घासून करकर आवाज काढणारे. विहिरीवरचा विरोळा, म्हणजे दिवड, डिवचल्यावर मान चपटी करतो आणि लोक ‘नाग, नाग’ म्हणून धावतात. धामणीचे तर विचारूच नका. ती नागाची मादी, ती म्हशीचे दूध पिते, हे सगळे तिच्या माथी. प्रत्यक्षात कणगीतले आणि शेतातले उंदीर तिच्याइतके खाणारे दुसरे कोण आहे? १९७२च्या वन्यजीव कायद्याचे तिला संरक्षण आहे, हे गावात सांगून पाहा, लोक हसतात.

स्वभावावरून ओळखायला जाणे त्याहून धोक्याचे. विरोळा, धामण, कवड्या यांना पकडले तर ते कडकडून चावतात, रक्त काढतात. मण्यार दिवसा गुंडाळून डोके लपवून पडून राहते. ‘गरीब दिसतोय’ म्हणून तिला हातात धरून सेल्फी काढणारे तरुण मला म्हणूनच जास्त भीतिदायक वाटतात, सर्पमित्राची पाटी लावून फिरणारे काही हौशीही त्यातच आले.

मण्यार चावते ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. मग श्वास अडतो. ‘कवड्याच होता’ म्हणून घरी थांबलेल्या माणसाला तोवर उशीर झालेला असतो. म्हणून ओळख साप वाचवण्यासाठी वापरावी, दवाखाना टाळण्यासाठी नव्हे. साप मारून पिशवीतून डॉक्टरांना दाखवायलाही नेऊ नये. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकत्रच चालते आणि डॉक्टर उपचार लक्षणे पाहून ठरवतात. दुरून मोबाईलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही तर त्यासाठी एक मिनिटही घालवू नये. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले.

आपल्याला विनंती एवढीच, की नागपंचमीआधीच्या रविवार पुरवणीत अर्धे पान या जोड्यांना द्यावे. मण्यारीशेजारी कवड्या, घोणशीशेजारी डुरक्या, फुरशाशेजारी मांजऱ्या, नावे मोठ्या अक्षरांत. फोटो वरून काढलेले, मानेपासून शेपटीपर्यंत पूर्ण अंग दिसेल असे असावेत. फणा काढलेल्या नागाचा फोटो मात्र यंदा नको, तो सगळ्यांनाच ओळखता येतो.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. वाई, जि. सातारा