सारनाथहून परतल्यावर

प्रिय रवी,
सप्रेम जय भीम.

काल सारनाथ पाहिलं. तुझ्याशिवाय गेलो, ही रुखरुख आहेच. लहानपणापासून आपण दोघं दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जातो. ते चक्र पहिल्यांदा फिरलं ती ही जागा. पाच भिक्खू समोर बसलेले, आणि बुद्धांचा पहिला उपदेश.

आत शिरलं की सगळे धामेक स्तूपाकडे वळतात. उंची त्रेचाळीस मीटरच्या वर. खालच्या दगडी पट्ट्यावरची वेलबुट्टी इतकी नाजूक आहे, की बोट फिरवावंसं वाटतं. मध्येच कुणी भाविकाने चिकटवलेला सोन्याचा वर्ख चमकतो.

पण मी खिळून राहिलो तो धर्मराजिका स्तूपापाशी. स्तूप म्हणजे आता नुसतं विटांचं गोल जोतं. १७९४ साली जगतसिंह नावाच्या बनारसच्या एका मातब्बराच्या माणसांनी बनारसमधल्या बाजाराच्या बांधकामासाठी तो फोडला. आत दगडी पेटी, तिच्यात करंडक, करंडकात अस्थी. त्या अस्थी त्यांनी गंगेत सोडल्या. अशोकाच्या काळातल्या स्तूपातल्या त्या अस्थी, रवी! अनेक जण त्या तथागतांच्याच मानतात. माझ्या घशात आवंढा आला.

तेवढ्यात यवतमाळकडच्या एक आजी आल्या. पांढरं लुगडं, हातात चपला. त्या रिकाम्या जोत्याला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. मला विचारलं, ‘बाबासाहेब इथं आले होते ना बाबू?’ आले होते. १९५६ च्या नोव्हेंबरात, काठमांडूच्या बौद्ध परिषदेनंतर. ६ डिसेंबरला ते गेले. हे सांगताना माझा आवाज कापला. आजी मात्र शांतपणे हात जोडून उभ्या होत्या.

जवळच अशोकस्तंभाचे तुकडे काचेआड ठेवलेत. चार सिंहांचं शीर्ष संग्रहालयात आहे, तेही पाहिलंच. दगडावरची झिलई अजून तशीच. पण स्तंभावरच्या ब्राह्मी लेखाने मी जास्त हललो: जो भिक्खू वा भिक्खुणी संघात फूट पाडेल, त्याला पांढरी, म्हणजे गृहस्थाची, वस्त्रं घालून विहाराबाहेर ठेवावं. आपल्याकडच्या गटबाजीवर आपण रात्र-रात्र बोलतो, ते आठवलं.

मूलगंधकुटी विहारात बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थी-अवशेष, जपून ठेवलेत. कार्तिक पौर्णिमेला त्यांचं दर्शन खुलं होतं. यंदा तू यायचंच. रजेचा अर्ज आत्ताच टाक, तिकिटं मी काढतो. आणि आईला घेऊन ये; त्यांच्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, आतली वाट सपाट आहे.

तुझाच,
बाळू