उताराच्या वाऱ्यावरही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या मॉडेल विमानांच्या नियतकालिकाच्या ताज्या अंकातला गुरुत्वमध्यावरचा, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलते त्यावरचा, लेख फार उपयोगी आहे. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर, दोन बोटांच्या टोकांवर मॉडेल तोलायचे आणि नाक किंचित खाली झुकू द्यायचे, हे इतक्या सोप्या शब्दांत क्वचितच वाचायला मिळते. आमच्या गटातल्या शाळकरी मुलांनी तो वाचून लगेच बाल्साच्या हलक्या लाकडाची ग्लायडर (बिनमोटरची विमाने) तोलायला घेतली. शेपूट जड निघाली की नाकात शिशाचा तुकडा!

मात्र अंकात जवळपास सगळे मोटरवाल्या विमानांचेच असते, हे खटकते. आम्ही साताऱ्याचे. इथे डोंगराच्या कडेवर वारा आदळून वर चढतो आणि त्यावर ग्लायडर मोटरशिवाय तरंगत राहतो. त्यावर सविस्तर लेखमाला हवी. कड्यामागचा घुसळणारा वारा कसा ओळखायचा, उतरवायचे कुठे, हे नवख्याला सांगायलाच हवे. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपासून लांब राहा आणि कासच्या फुलांवर मॉडेल उतरवू नका, हेही ठळक छापा.

मोटरवाल्या मॉडेलमधल्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा तक्ताही द्याच. पूर्ण चार्ज सेलला ४.२ व्होल्ट, ठेवणीत ३.८ च्या आसपास. उन्हाळ्यात बंद गाडीत फुगलेली बॅटरी म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या हौशी मॉडेलसाठी काय सवलती आहेत, तेही एका पानात समजावून सांगा. पोलिसांनी हटकले की मुले गांगरतात.

– एक वाचक, सातारा